पाणी आणि पानी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझा आवाज गेला. मास्तरकी करणाऱ्याचा आवाज जाणे यात नवल काही नाही. ऐंशी मुलांच्या वर्गात, खिडकीखालच्या वाहनांशी स्पर्धा करीत वीस वर्षे मराठी शिकवल्यावर स्वरतंतूंवर गाठी येतात, इतकेच. डॉक्टरांनी सहा आठवडे मौन सांगितले. कुजबुजायचेही नाही, कुजबुजण्याने गळ्यावर उलट ताणच येतो, हे मला तेव्हा प्रथम कळले.

बोलता येत नाही म्हटल्यावर ऐकणे आले. मी कुमार गंधर्व ऐकू लागले. निवड अर्थातच भाबडी होती. १९४८ च्या सुरुवातीला ते क्षयाने आजारी अवस्थेत देवासला आले आणि पुढची सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद होते, ही हकिगत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या सहा आठवड्यांची त्या वर्षांशी तुलना करणे हास्यास्पद आहे, हे कळत असूनही आजारी माणूस असल्या तुलना करतोच.

त्यांच्या गाण्यातल्या लहान लहान, झेपावणाऱ्या फेकींचे श्रेय त्या आजाराला देण्याची आपल्याकडे रूढी पडली आहे. एक फुफ्फुस निकामी, म्हणून दमसास कमी, म्हणून ही शैली. हे गणित मला कधीच पटलेले नाही. त्या काळात क्षयाने असंख्य फुफ्फुसे पोखरली, कुमार गंधर्व एकच झाले. दुःखातून कला जन्मते हे सूत्र मराठीच्या उत्तरपत्रिकांत शोभते; आम्हीच ते मुलांना पुरवलेले असते.

मला त्या पाच वर्षांतली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानांवर माळव्यातल्या बायकांची गाणी येत. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुना. पुढे त्यांनी त्या जमवल्या, लिहून घेतल्या. त्यांच्यात दडलेले राग त्यांना दिसले; मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी ही त्यांतली काही नावे. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी छापून आल्या. ह्या माणसाची मातृभाषा कन्नड, जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडची. माळवी त्यांना कोणी शिकवली नव्हती, ती कानांवर पडली होती. पण बंदिशी बांधताना त्यांनी त्या बोलीचे शब्द घासूनपुसून सभ्य केले नाहीत. विद्वानांनी भरलेल्या मैफलीत ते तसेच्या तसे येऊन बसले.

तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार. घरात मी आणि सासूबाई. त्या स्वयंपाकघरात तूर निवडत बसल्या होत्या आणि स्वतःशीच काही म्हणत होत्या. जात्यावरची ओवी होती. अकोटकडचे त्यांचे माहेर. जाते केव्हाच गेले, गिरणी आली, पण हात एका लयीत फिरू लागले की ओवी अजून येते, असे दिसले. मी ओवी वर्गात शिकवते. साडेतीन चरण, ज्ञानेश्वरांची ओवी आणि लोकगीतातली ओवी यांतला फरक, दहा गुणांची टीप. एकोणीस वर्षे एका घरात राहून त्या ओवी म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. बहुधा माझ्या आवाजानेच त्या गप्प होत असाव्यात. आता घरात माझा आवाज नव्हता, तेव्हा मी घरात आहे हेच त्या विसरल्या होत्या.

ओवीत ‘पानी’ असा शब्द होता. त्या शब्दाशी मी थबकले, कारण त्याची एक आठवण माझ्याजवळ आहे. मुलगा तीन वर्षांचा असताना आजीकडून उचललेले ‘पानी’ म्हणाला, आणि मी त्याला त्यांच्यासमोरच दुरुस्त केले. “पानी नाही, पाणी. बाणातला ण.” त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर त्या त्याला गोष्टी सांगेनाशा झाल्या. तेव्हा मला वाटले, वय झाले, दमत असतील.

गंमत अशी, की त्याच वर्षी मी प्रथम वर्षाला बहिणाबाई शिकवत होते. त्यांची कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तकरूपात आली, ही कहाणी रंगवून सांगत होते. बोलीचा गोडवा, बोलीची अर्थगर्भता वगैरे. ती तासिका मुलांना आवडत असे. मी त्या शब्दांवर जीव टाकते असे मुलांना वाटे आणि ते खोटेही नव्हते. फक्त ते शब्द पुस्तकात असावे लागत.

मी मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. ध्वनिमुद्रण करावे, हा अभ्यासकाचा स्वभाव. चाहूल लागताच त्या थांबल्या. “चहा टाकू?” मी मानेनेच हो म्हटले. पाटीवर लिहून काही विचारावे, तर त्यांचा चष्मा माजघरात होता. आणि काय विचारायचे तेही मला कळत नव्हते. त्यानंतर दुपारी मी खोलीचे दार अर्धे लोटून पडून राही. कधी ओवी येई, कधी येत नसे. मोबाईल लांब ठेवला होता. कुमारांच्या ध्वनिफिती त्या दिवसांत माझ्याकडून बंदच राहिल्या.

सहा आठवड्यांनी आवाज परतला, थोडा जाड होऊन. बोलण्याची परवानगी मिळाली त्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटले, “आई, तुमची ती ओवी म्हणाल का? मला ऐकायची आहे.” त्या संकोचल्या. दळताना म्हणायचो आम्ही, त्यात काय एवढे, म्हणाल्या. मी पुन्हा विनवले. मग पदर सारखा करून, माझ्याकडे न बघता, त्यांनी चाल सोडून नुसते शब्द म्हणायला सुरुवात केली. त्या शब्दापाशी आल्यावर किंचित थांबल्या आणि जीभ नीट टाळूला लावून, सावकाश, ‘पाणी’ म्हणाल्या.