जंत कुणाच्या पोटात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आषाढ पौर्णिमेला आमच्या वाडीतल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले आणि त्याच आठवड्यात माझ्या पोटाचे दुखणेही सुरू झाले. जेवण झाले की पोट डब्ब व्हायचे, पहाटे कळ यायची आणि कचेरीत जाण्याआधी तीन-तीन वेळा धावावे लागायचे. मी एका शिक्षणसंस्थेत कारकून आहे. मार्चपासून हिशेब तपासणीचे काम डोक्यावर होते, मुलाच्या प्रवेशाची धावपळ होती. पण या गोष्टींचा पोटाशी संबंध असेल, असे मनात आले नाही.

निदान केले ते माझ्या आईने. एका सकाळी ती म्हणाली, "झिला, रातचो दात खातंस तू. पोटात जंत असतले तुझ्या. वावडिंगाचो काढो घे."

आईने सांगितले आणि माझ्या डोक्यात ते पक्के बसले. त्यानंतर चारच दिवसांनी मला शौचात पांढरे दोरे दिसले. आदल्या रात्री केळफुलाची भाजी खाल्ली होती, हे मी सोयीस्करपणे विसरलो. जंत दिसले म्हटल्यावर जंतच! वाचक बंधु-भगिनींनो, एकदा मनाने निकाल दिला की डोळेही त्याच बाजूने साक्ष देतात.

मग उपाय सुरू झाले. आधी वावडिंगाचे चूर्ण गुळातून. नंतर एस.टी.तल्या एका मित्राने सांगितले म्हणून पपईच्या बिया वाळवून, कुटून मधातून. मग सकाळी अनशापोटी किरायत्याचा कडू काढा. इतक्याने भागेना म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एका औषध देणाऱ्याकडे गेलो. त्याने पोटाला हातही न लावता "जंतांचो गोळो झालो हा" असे सांगितले, एक पुडी दिली आणि वर एरंडेल घ्यायला लावले. त्याने पोट असे काही धुऊन निघाले की दोन दिवस रजा टाकावी लागली. शेवटी बाजारात एका विक्रेत्याने आतडी साफ करणारे चूर्ण गळ्यात मारले. ते घेतल्यावर खरोखरच लांबलचक बुळबुळीत दोरे पडू लागले. विक्रेता म्हणाला, "बघा, बाहेर पडतायत!" त्या चूर्णात इसबगोल होता. इसबगोल पाण्याने फुगला की त्याचे असेच दोरे होतात, हे मला फार उशिरा कळले.

मी बी.कॉम. झालेला माणूस, हिशेब लिहायची सवय. वहीत नोंद आहे : चूर्ण १,८५० रुपये, बिया, पाला, मध वगैरे २४०, औषधवाल्याकडे दोन खेपा, भाडे आणि दक्षिणा धरून ७६०. एकूण २,८५० रुपये.

पण एक नोंद त्या वहीत नव्हती. हे सगळे काढे करत कोण होते? माझी पत्नी. पहाटे पाचला उठून ती चूल पेटवायची, वावडिंग कुटायची, किरायते उकळायची, गाळून पेला माझ्या हातात द्यायची आणि मग लावणीला जायची. आमची स्वतःची शेती जेमतेम पाच गुंठे. बाकी ती दुसऱ्याच्या मळ्यात मजुरीने जाते. ती घाटी चढताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवायची, हे मी पाहिले होते. तांदूळ निवडताना ती कच्चे तांदूळ तोंडात टाकायची, त्यावर मुलगा चेष्टाही करायचा. तिच्या पायाच्या बोटांमध्ये खाज सुटायची. चिखल्या झाल्या म्हणून ती मेंदी वाटून लावायची. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "माका काय झाला हा? मी बरी आसय. तुमी तुमचा पोट बगा."

मी माझे पोट बघत राहिलो.

श्रावणात बेणणी चालू असताना ती मळ्यातच मेरेवर बसली, ती उठेना. डोळ्यांसमोर काळोख आला म्हणाली. बायांनी धरून घरी आणले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही सरकारी रुग्णालयात गेलो. एस.टी.चे तिकीट माझे पूर्ण, तिचे अर्धे. तिथेही रांगेत पुढे मीच उभा होतो. माझी सगळी कहाणी डॉक्टरबाईंनी ऐकून घेतली. वजन कमी झाले का, शौचातून रक्त जाते का, हे विचारले. मग त्यांचे लक्ष माझ्यामागे बाकावर बसलेल्या पत्नीकडे गेले. त्यांनी तिला जवळ बोलावले, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला बसा. आधी यांना बघू दे."

तिचे हिमोग्लोबिन निघाले ७.४. बाईमाणसाचे निदान १२ तरी असावे लागते. शौचाच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली अंकुशकृमीची अंडी दिसली. माझे तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासले. त्यात काहीच नव्हते. जंत होते, पण माझ्या पोटात नव्हते.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले ते मी जमेल तसे इथे लिहितो, कारण ते प्रत्येक घरात कळायला हवे.

आपण सरसकट "जंत" म्हणतो, पण त्यांच्या जाती वेगळ्या. मुलांच्या पोटात होतो तो गोल जंत वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढतो. त्याची अंडी घाणेरड्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. सुतासारखे बारीक कृमी रात्री गुदद्वाराशी खाज आणतात. अंकुशकृमी मात्र जेमतेम बोटाच्या पेराचा अर्धा भाग भरेल एवढा, साधारण एक सेंटिमीटर. तो तोंडावाटे फारसा येत नाही, तो पायातून येतो. कुणी उघड्यावर शौचास बसले की त्यातली अंडी उबदार, ओलसर मातीत फुटतात. आठवड्याभरात अळ्या तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, घशातून गिळल्या जाऊन आतड्यात. तिथे आतड्याला चिकटून ते रक्त पितात. एक कृमी जातीप्रमाणे दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. एकाने काही बिघडत नाही. पण शंभर असले तर? आणि पोटात दुखेलच असेही नाही. माणूस नुसता फिका पडत जातो, धापा टाकतो, कच्चे तांदूळ नाहीतर माती खावीशी वाटते. पायाच्या बोटांतली ती खाज कधी चिखल्यांची असते, कधी अळ्या शिरल्याची.

ही पायातून आत जाण्याची वाट कशी सापडली, ती गोष्टही मोठी बोलकी आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीस कैरो इथे आर्थर लूस हे जर्मन शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या हातावर अळ्या असलेले पाणी सांडले. तिथे खाज सुटली, आणि पुढे काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली. त्याआधी १८८० मध्ये आल्प्स पर्वतातला गोथार्ड बोगदा खणणारे मजूर रक्ताविना पांढरे पडत होते, तेव्हा पेरोंचितो या इटालियन शास्त्रज्ञाने त्याचे कारण अंकुशकृमी असल्याचे दाखवून दिले. म्हणजे हा रोग पहिल्यापासून राबणाऱ्याचा. जो अनवाणी चिखलात उतरतो, त्याचा. मळ्याच्या मेरेवर छत्री धरून उभा राहणाऱ्याला तो सहसा होत नाही.

मग गावठी औषधे सगळी खोटीच का? तसे मी म्हणणार नाही. वावडिंग आयुर्वेदात कृमींवर पूर्वापार सांगितलेले आहे. किरमाणी ओव्यातून निघणारे सँटोनिन हे औषध तर डॉक्टरही वर्षानुवर्षे देत होते. पण त्याने कधी कधी सगळे पिवळे दिसू लागे, आणि पुढे त्याहून सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. पपईच्या बियांचा २००७ मध्ये नायजेरियात ६० मुलांवर लहानसा प्रयोग झाला, त्यात पुष्कळ मुलांच्या शौचातले कृमी गेलेले दिसले. तेव्हा आमच्या वाडवडिलांनी झाडपाला उगाच धरलेला नव्हता. पण किती घ्यायचे, कोणत्या जंतावर, किती दिवस, हे मला कुणी सांगितले होते? आणि वावडिंगासारखे औषध गरोदर बाईने घेऊ नये, हे तरी किती घरांत ठाऊक आहे? मी रोग नसताना औषध घेत होतो, आणि जिला रोग होता ती मला ते कुटून देत होती.

विहारात मी दरवर्षी जीवकाची गोष्ट सांगतो. तक्षशिलेत आचार्यांनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाती परत आला, कारण औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. ही गोष्ट ऐकून आम्ही झाडपाल्याचे कौतुक करतो. पण जीवक रोग्याला तपासल्याशिवाय औषध देत नव्हता, हा भाग मी कधी सांगितलाच नाही. परंपरेने आले म्हणून, थोरांनी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हा तथागतांचा उपदेश मी लोकांना वाचून दाखवत होतो, आणि घरी न पारखता पेला तोंडाला लावत होतो.

पत्नीला ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी मिळाली आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाळीत जास्त रक्त जाते का, हेही डॉक्टरबाईंनी विचारले. तेही एक कारण होते, ते गेली दोन वर्षे तिने मला सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. लोहाच्या गोळीबरोबर चहा घ्यायचा नाही, लिंबूपाणी चालेल, असे सांगितले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१ झाले. आता ती घाटी न थांबता चढते आणि कच्चे तांदूळ खाणे आपोआप सुटले. मला डॉक्टरबाईंनी एवढेच सांगितले की सगळे काढे, चूर्णे आणि एरंडेल बंद करा, उपाशीपोटी तीन कप चहा बंद करा, जेवणाची वेळ पाळा. दोन-तीन आठवड्यांत पोट बरेच ताळ्यावर आले. काळजीनेही आतडी बिघडतात, हे तिथेच कळले. दोघांच्या उपचाराला एस.टी.चे भाडे सोडून खर्च आला नाही.

आमचा सिंधुदुर्ग २०१६ मध्ये सपाट प्रदेशातला देशातला सर्वांत स्वच्छ जिल्हा ठरला. त्याचा अभिमान आहेच. घरोघरी शौचालये झाली. पण दिवसभर मळ्यात, कातळावर, काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसाने कुठे जायचे? माती बिघडते ती तिथे. २०१५ पासून जंतनाशक दिन सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी मिळते, ती जरूर घेऊ द्यावी. पण लावणी करणारी आई शाळेत जात नाही. तिला कोण विचारणार? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्या महिला मंडळाच्या बैठकीला वीसजणी आल्या, तर त्यांतल्या दहा-अकरा.

आमच्या मंडळाने आता ठरवले आहे. लावणीआधी आशाताईंना बोलावून वाडीतल्या सगळ्या बायांचे हिमोग्लोबिन तपासायचे आणि फिक्या दिसतील त्यांची शौच तपासणी करून घ्यायची. एका नमुन्यात काही दिसले नाही तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन द्यायचे. लावणीच्या चिखलात चप्पल टिकत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, पण परसात, बागेत, गोठ्यात ती घालता येते. आणि मळ्यावर काम देणाऱ्यांशी बोलून बायांसाठी आडोशाच्या शौचालयाची सोय मागायची. मजुरी मागतो तशीच तीही मागायची.

माझ्या वहीतले २,८५० रुपये खर्ची पडले, त्याचे दुःख नाही. पण त्या दिवसांत पहाटे पाच वाजता काढा गाळणारा तो पांढरा फटक हात माझ्यासमोर रोज येत होता आणि मला दिसला नाही, याची नोंद कोणत्या खात्यात करू?

वाचकांना माझी एकच विनंती आहे. आज रात्रीचे जेवण झाले की उजेडात घरातल्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून बघा. आतून लाल दिसली तर बरे. पांढरी दिसली तर उद्याची रजा टाका आणि तिला घेऊन दवाखाना गाठा. रांगेत तिला पुढे उभी करा.