वजन भरलं, तरी लक्ष हवं



बाळंतिणीला भेटायला गेलं की मुलगा की मुलगी यानंतरचा आपला दुसरा प्रश्न ठरलेला असतो, ‘वजन किती?’ तीन किलो ऐकलं की चेहरे खुलतात. दोन किलोच्या आतलं ऐकलं की आवाज खाली येतो. पुढे वर्षभरात बाळाने अंग धरलं की विषय संपला असं आपण मानतो. माझ्या नातीमुळे मला कळलं की तो तिथे संपत नाही.

नात तेहेतिसाव्या आठवड्यातच झाली. वजन १ किलो ६०० ग्रॅम. जन्मताना अडीच किलोच्या आत असलेल्या बाळाला वैद्यकात कमी वजनाचं म्हणतात, म्हणजे ही तर बरीच खाली. काही दिवस काचेच्या पेटीत होती. मग तिला उघड्या छातीशी धरून ठेवायला शिकवलं. कांगारू मातासंगोपन म्हणतात त्याला. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून ही पद्धत सुरू केली, आज ती जगभर चालते. सूनबाई दमली की आमचा मुलगा शर्ट काढून बसायचा. आधी लाजला, मग लेक त्याच्या छातीवर झोपायला लागल्यावर उठायलाच तयार नसे.

आज नात तिसरीत आहे. बोलायला चुरूचुरू. णमोकार मंत्र शाळेत जायच्या आधीपासून पाठ. चोवीस तीर्थंकरांची नावं लांछनांसकट सांगते. पण वजाबाकीत हातचा आला की अडकते. अक्षर ओळीवर राहत नाही. सदऱ्याची बटणं लावताना अजून चिडते. चुकलं की कागद फाटेपर्यंत खोडत बसते आणि मग रडते. नवीन माणसं आली की माझ्या पदराआड. शाळेच्या वहीत एकदा शेरा आला, ‘मुलगी आळशी आहे, घरी लक्ष द्यावे.’ त्या दिवशी मुलाने आवाज चढवला आणि रात्री सूनबाई मला म्हणाली, “आई, माझ्याच पोटात ती नीट वाढली नाही.”

मी कॉमर्सची पदवीधर. कुठलीही गोष्ट आकड्यात मांडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. शोधताना आपल्या पुण्यातलाच एक अभ्यास सापडला. १९८७ पासून पुढे केईएम रुग्णालयातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट अठरा वर्षांची होईपर्यंत तपासलं. सोबत पुऱ्या दिवसांची, चांगल्या वजनाची मुलंही तुलनेला घेतली. आपल्या देशात इतका लांबवर चाललेला असा अभ्यास क्वचितच.

त्यातून काय दिसलं? या मुलांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेतच होती, पण सोबतच्या मुलांपेक्षा थोडी मागे. गणित, वाचन आणि डोळा-हात यांचा मेळ लागणारी कामं यांत अडचण जास्त. दिवस भरायच्या आधी जन्मलेली आणि त्या दिवसांच्या मानानेही बारीक असलेली मुलं सगळ्यांत मागे होती. मला तर नातीची वहीच समोर उघडल्यासारखं झालं. अशा मुलांत घाबरटपणा, लक्ष न टिकणं हेही जास्त आढळतं, असं इतर देशांतले अभ्यास सांगतात. प्रत्येकात हे असतंच असं नाही, कितीतरी मुलं काहीही अडचण न येता पुढे जातात. पण ज्याला अडचण आहे त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. मुलाच्या बुद्धीवर घराचा आणि आईच्या शिक्षणाचाही प्रभाव दिसला. वजन आपल्या हातात राहिलं नाही, घर तर आहे!

आम्ही घरात काही बदल केले. बेदाण्याला तासगावात काय तोटा! दहा-दहा बेदाण्यांच्या पुड्या बांधल्या. बावन्नातून सतरा काढायचे तर एक पुडी सोडावी लागते, हे तिने हाताने केलं आणि हातचा म्हणजे काय ते तिला उमगलं. कागदावर अजून चुकते, पण रडत नाही. शेंगा सोलणं, रांगोळीचे ठिपके, जपमाळेचे मणी ओवणं, ही सगळी बोटांचीच शाळा. तिच्या चुलत भावाशी तुलना मात्र घरात बंद. शेऱ्याचं म्हणाल तर मुलगा आणि सूनबाई जन्माचे कागद घेऊन शाळेत जाऊन बोलून आले.

ज्यांच्या घरी असं बाळ नुकतंच आलंय त्यांच्यासाठी थोडं. दिवसांआधी झालेलं बाळ बसलं का, चाललं का, हे बघताना जितके आठवडे आधी झालं तितके वयातून वजा करा. आमची नात सात आठवडे. दोन वर्षांपर्यंत हा हिशोब धरतात. अशा बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हायला हवी, ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते. कानांचीही तपासणी करून घ्या. लोहाचे थेंब सांगितले असतील तर मधेच सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांना जन्मवजन आवर्जून सांगा. पुढच्या तपासण्या आणि उपचार मोफत होतात. आणि गरोदर सुनेला दशलक्षणात उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारू द्या.

एक गोष्ट मंदिराच्या ओट्यावर कानावर येते, ‘मागचं कर्म, दुसरं काय!’ बाळ कमी वजनाचं होण्यामागे आईच्या अंगात रक्त कमी असणं, रक्तदाब, जुळी, दोन बाळंतपणांत कमी अंतर, अशी किती कारणं असतात, आणि कधी काहीच सापडत नाही. कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःचे परिणाम तपासायला शिकवतो. दुसरीच्या लेकराचं खातं उघडायला तो नाही. आधीच खचलेल्या आईला असं बोलणं ही हिंसाच आहे.

शेवटी माझ्या वयाच्या सासवांना सांगते. आईच्या शिक्षणाचा मुलाला उपयोग व्हायचा तर आईला मुलाजवळ बसायला वेळ मिळायला हवा. आपल्याला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, म्हणजे शाळा सुटल्यावरचा वेळ सुनेचा चुलीपुढेच जातो. आमच्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक आता मी करते. तो एक तास मायलेकींचा.