आधी गप्प राहणारं औषध

औषधाने काहीतरी करावं, ही सगळ्यांचीच अपेक्षा. मी ज्या रेणूंवर काम करतो त्यांनी मात्र आधी काहीच करायचं नसतं. शिरेतून जायचं, कर्करोगाच्या पेशीत शिरायचं आणि गप्प राहायचं. मग बाहेरून न्यूट्रॉनचा झोत येतो, रेणूतल्या बोरॉन-१० चं अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळून फुटतं. त्यातून सुटलेले अल्फा कण आणि लिथियमची केंद्रं पाच ते नऊ मायक्रॉन धावतात, म्हणजे जेमतेम एक पेशी. शेजारच्या पेशीत बोरॉन नसेल तर ती बचावते.

गॉर्डन लॉकर यांनी ही कल्पना १९३६ साली मांडली. डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी जपानने असं औषध मंजूर केलं ते २०२० मध्ये. ते बोरोनोफेनिलअलानिन, म्हणजे अन्नातल्याच एका अमिनो आम्लाला जोडलेला बोरॉन. वाढीसाठी हपापलेली पेशी ते अन्न समजून आत ओढते. पण ते पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून बरीच वर्षं त्यात फ्रुक्टोज मिसळत आले आहेत.

फ्रुक्टोज काय करतं हे भाच्याला मनमाडच्या घरी दाखवलं. कॅरमची बोरिक पावडर, हळदीत बुडवून वाळवलेला कागद, आम्लाचे दोन थेंब. कागद सुकता सुकता लालसर तपकिरी झाला. अमोनियाची वाफ लागताच काळपट हिरवा. हळदीतल्या कर्क्युमिनने ऑक्सिजनच्या हातांनी बोरॉन धरला होता. फ्रुक्टोजही तसंच धरतं, फक्त शरीरात ती पकड सुटावी लागते.

एका रेणूत दहा बोरॉन बसवणाऱ्या कार्बोरेनच्या पिंजऱ्याचा मोह मलाही होतो. पण तो पाण्याला फटकून वागतो, नको तिथे रेंगाळतो. ट्यूमरच्या दर ग्रॅममागे वीस-तीस मायक्रोग्रॅम बोरॉन-१० हवा आणि निरोगी भागात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. दुसरी अट पहिलीपेक्षा फार अवघड आहे.

पंचवटी एक्सप्रेसमध्ये फायली मांडीवर घेतलेली माणसं भेटतात. दादरला उतरून परळला टाटा रुग्णालयात जाणारी. माझं काम कळलं की विचारतात, हे आपल्याकडे कधी? अजून नाही, एवढंच खरं उत्तर मी देतो. ते देताना जीव तुटतो. पण घाई करून चालत नाही. झोत सुरू असताना रक्तात बोरॉन जास्त उरला, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीच भाजतील. म्हणून नव्या रेणूच्या वहीत माझा पहिला रकाना रक्ताचा असतो, ट्यूमरचा दुसरा.