शिकारीचा कुत्रा आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर

तुमच्या घरी कधी कुत्रा आणायचा विषय निघालाय का? निघाला असेल तर पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ज्याला त्याला वेगळा कुत्रा हवा असतो. आमच्याकडेही तसंच झालं. धाकट्या भावाला हस्की हवा होता, तोही बंगळुरात! आईला कुठलाच नको होता. बाबा म्हणाले, "तुम्ही ठरवा, पण सकाळी मी फिरवणार नाही." आणि आजोबा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "आणायचाच तर कारवानी आणा. नाहीतर राहू द्या."

आम्ही सगळे एकदम गप्प झालो. कारवानी हा शब्द ऐकून नव्हे, आजोबा बोलले म्हणून.

आजी गेल्यावर आम्ही त्यांना गडहिंग्लजहून इथे बोम्मसंद्र्याला घेऊन आलो होतो. घर सोडताना त्यांनी कुरकुर केली नाही, पण इथे आल्यावर ते जवळजवळ बोलेनासेच झाले. कारखान्यांच्या शिफ्ट, होसूर रोडची गर्दी, वरून जाणारी मेट्रो, सगळं ते गॅलरीत बसून बघत राहायचे. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, परत खुर्चीत. अशा माणसाने कितीतरी महिन्यांनी कशाबद्दल तरी मत दिलं होतं. म्हणून "बघू" म्हणून तो विषय बाजूला टाकणं मला जमेना.

पण मला भीतीही वाटत होती. तिचं कारण आधी सांगते.

मी दहावीत असताना आम्ही एक बीगल आणला होता. कारण एकच, तो गोड दिसत होता. लांब कान, पाणीदार डोळे. तो कशासाठी जन्माला घातलेला कुत्रा आहे, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. बीगल हा टोळीने राहून वासावरून सशाचा माग काढणारा शिकारी कुत्रा. माग लागला की मोठ्याने ओरडून मालकाला सांगायचं, हे त्याचं काम. आणि आम्ही त्याला दिवसाचे नऊ तास फ्लॅटमध्ये एकटं ठेवत होतो. तो ओरडायचा, सोफा फाडायचा, दार उघडलं की सुसाट पळायचा. शेजारी तक्रार करायचे, आई रडकुंडीला यायची. पाच महिन्यांनी आम्ही तो होसूरजवळ शेत असलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाला देऊन टाकला. गाडी निघाली तेव्हा तो मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होता. आपण "वाईट कुत्रा" आणला नव्हता, आपणच त्याच्यासाठी चुकीचं घर होतो, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून या वेळी मी आजोबांसमोर वही घेऊन बसले आणि म्हटलं, "कारवानीच का, ते नीट सांगा."

मग आजोबा बोलायला लागले. ते लहान असताना त्यांच्या मामांकडे ठासणीची बंदूक होती आणि दोन कारवानी कुत्री. सुगी संपली की माणसं माळावर निघायची. गावठी कुत्री झुडपांत शिरून तित्तर नि लाव्हे उठवायची. कारवानी मात्र माणसाच्या पायाशी ताठ उभा राहायचा. लांबवर ससा उठला की बाण सुटावा तसा सुटायचा. "पाखरांच्या मागं जायचं त्याचं काम नव्हे," आजोबा म्हणाले, "त्याचं काम डोळ्यानं बघायचं आणि पळायचं."

त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं, तेच मी नंतर वाचून काढलं. कारवानी हा नजरेवर शिकार करणारा कुत्रा. सडपातळ, खोल छातीचा, लांब पायांचा. लातूरकडे याच घराण्यातल्या लांब केसांच्या कुत्र्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळवरून याला मुधोळ हाउंड हे नाव पडलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः राजे मालोजीरावांनी, ही जात जपली, वाढवली. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्र आहे, आणि भारतीय सैन्यानेही या कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन पाहिलं आहे. आमच्या इमारतीचे वॉचमन अण्णा बागलकोटकडचे. त्यांच्यासमोर मुधोळचं नाव काढल्यावर ते आजोबांशी कानडी-मराठी मिसळून अर्धा तास बोलत उभे राहिले. त्या दिवसापासून आजोबा रोज संध्याकाळी खाली उतरायला लागले. अजून कुत्र्याचा पत्ताच नव्हता!

तरीही मी वहीत लिहिलं: कारवानी नको. कारण सांगितलं तेव्हा आजोबाच आधी "बरोबर आहे" म्हणाले. हा कुत्रा मोकळ्या माळासाठी घडलेला. त्याला रोज सुटं, भरधाव पळायला जागा लागते. रस्त्यापलीकडे मांजर दिसलं तर तो पट्टा हिसकून जाईल, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतील गुडघे दुखणारे ऐंशी वर्षांचे आजोबा. शिवाय अनोळखी माणसांशी तो जरा अंतर ठेवूनच वागतो. लिफ्टमध्ये चार पोरं अंगावर आली तर त्याला ते आवडेलच असं नाही. तुमच्याकडे शेत असेल, कुंपण घातलेली जागा असेल, तर हा कुत्रा जरूर पाळा. आपल्या हवेत टिकणारा, आपल्या मातीतला आहे. आमच्याकडे मात्र दोन खोल्या आणि एक गॅलरी.

मग वहीत पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेले कुत्रे आले. गंमत बघा, आपल्याकडे घरोघरी दिसणारे बरेचसे "फॅमिली डॉग" मुळात पाखरांच्या शिकारीचेच. फक्त प्रत्येकाचं काम वेगळं.

पॉइंटर पक्ष्याचा वास लागला की एक पाय उचलून, नाक त्या दिशेला रोखून पुतळ्यासारखा थांबतो. त्याआधी मात्र तो मैलोन् मैल धावतो. म्हणजे फ्लॅटसाठी फुलीच. कॉकर स्पॅनियल झुडपात घुसून पाखरू उठवणारा. वुडकॉक नावाच्या पक्ष्याच्या शिकारीत तो वापरायचे, त्यावरूनच कॉकर. आकाराने आटोपशीर, स्वभावाने लाघवी, पण केस रोज विंचरायला हवेत आणि ते लोंबते कान साफ ठेवले नाहीत तर सारखे दुखतात. आणि तिसरे रिट्रिव्हर. गोळी लागून पडलेलं पाखरू पाण्यातून, गवतातून शोधून मालकाच्या हातात आणून द्यायचं, हे यांचं काम. गोल्डन रिट्रिव्हर स्कॉटलंडमध्ये १८६८ च्या सुमारास एका जमीनदाराने घडवला. लॅब्रडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर मासे नि जाळी ओढणारे. इंग्रज सरदारांनी ते आपल्या देशात नेले आणि बदकांच्या शिकारीला लावले. १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून नोंद केली.

पाखरू आणून देणाऱ्या कुत्र्याला दोन गोष्टी यायलाच हव्यात. एक, तोंडात धरलेली वस्तू न चावणं. दुसरी, ती माणसाला आनंदाने देऊन टाकणं. पिढ्यान् पिढ्या हेच निवडत गेल्यामुळे लॅब्रडॉर घरात इतका सोपा जातो. लहान मुलाने हातातला खाऊ पुढे केला तर बहुतेकदा तो अलगद घेतो. अर्थात मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडायचं नाही, जात कुठलीही असो.

त्याचे तोटेही वहीत लिहिले. केस वर्षभर गळतात. वजन सहज तीस किलो. कंबरेच्या सांध्यांचा त्रास या जातीत बराच. आणि भूक! केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रडॉरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गायब असतो, आणि अशा कुत्र्यांची भूक आणि वजन जास्त असतं. म्हणजे तो ताटाकडे केविलवाणं बघतो तेव्हा दर वेळी आपण विरघळायचं नसतं.

एव्हाना तुमच्या मनात आलं असेल, हे सगळं ठीक, पण शिकार आता कोण करतं? कोणीच करायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. आणि शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. वन्य प्राण्या-पक्ष्यांचा पाठलाग करणं, त्यांना हाकणं, अंडी-घरटी बिघडवणं हेही कायद्याच्या व्याख्येत बसतं. म्हणजे तळ्याकाठी गंमत म्हणून कुत्रा बगळ्यांवर सोडणं, हीसुद्धा गंमत नाही.

आजोबांना हे सांगताना मी जरा चाचरत होते. त्यांच्या बालपणातली सगळ्यात आनंदाची आठवण मी गुन्ह्याच्या यादीत टाकत होते ना! ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तित्तर तरी कुठं राहिलेत पूर्वीसारखे."

मग मी त्यांना सालिम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईत वाढलेल्या या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथून भारतातला सगळ्यात मोठा पक्षीतज्ज्ञ घडला. शिकारीची नजर आणि निरीक्षणाची नजर यांत फार अंतर नसतं. दोन्हीला सबुरी लागते, फक्त शेवट वेगळा. आजोबा एवढंच म्हणाले, "बरी गोष्ट आहे."

शेवटी कोको आली. इलेक्ट्रॉनिक सिटीतलं एक कुटुंब परदेशी निघालं होतं आणि त्यांच्या तीन वर्षांच्या लॅब्रडॉरसाठी घर शोधत होतं. पिल्लू हवं म्हणून भाऊ रुसला, पण घरात म्हातारं माणूस असेल तर मोठा कुत्रा खरंच बरा. त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो, दात शिवशिवायचे दिवस सरलेले असतात. आम्ही आधी एक आठवडा तिला ठेवून पाहिलं. डॉक्टरांनी कंबर तपासली, रेबीजच्या लसीची नोंद बघितली. ओढ कमी बसावी म्हणून गळ्यातल्या पट्ट्याऐवजी पुढून अडकवायचं हार्नेस घेतलं. सकाळी मी, संध्याकाळी भाऊ, असं फिरवण्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. आजोबांनी बरोबर यायचं, पण पट्टा धरायचा नाही, अशी अट घातली. पहिल्याच आठवड्यात आईने सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तिच्यापुढे धरला आणि मी ओरडले. त्यात बेदाणे होते! द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट हे कुत्र्यांना घातक असतं. आता कोकोचं वेगळं जेवण शिजतं, आणि ते आईच शिजवते. ज्या आईला कुठलाच कुत्रा नको होता, ती.

आजोबांनी तिचं नाव "कोकी" केलं. जुन्या मोज्यात चिंध्या भरून त्यांनी एक गुंडाळी शिवली. ती ते पार्किंगमध्ये खुर्चीत बसून फेकतात, कोकी आणून अलगद त्यांच्या तळहातावर ठेवते. दिवसातून वीस वेळा. वॉचमन अण्णा मोजतात.

एका रविवारी आम्ही तिला जवळच्या तळ्यावर नेलं. काठाशी टिटव्या ओरडत होत्या, पाण्यात वारकरी होते, आणि पलीकडे हळदी-कुंकू बदकांची जोडी. चोचीचं पिवळं टोक नि कपाळावरचे लाल ठिपके, नाव अगदी शोभतं. कोकी थबकली. शेपटी स्थिर, अंग थरथरतंय. तिला आयुष्यात कोणी शिकार शिकवली नव्हती, पण दीडशे वर्षांपूर्वीचं काम तिच्या अंगात जागं झालं होतं. मी पट्टा दोन्ही हातांनी धरला. आजोबा हळूच वाकले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाही गं कोके. आता नुसतं बघायचं." मग ते मला म्हणाले, "आमच्याकडं यांना धनवर म्हणायचे." आणि परत येताना रस्ताभर ते बोलत होते. माळावरच्या पाखरांबद्दल, मामांबद्दल, आणि पहिल्यांदाच आजीबद्दल.

तुम्ही कुत्रा आणायचं ठरवत असाल तर फोटो बघण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. हा कुत्रा कुठल्या कामासाठी घडवला गेला? त्या कामाऐवजी आपण त्याला रोज काय देणार? तो दिवसाचे किती तास एकटा राहील? आणि पुढची दहा-बारा वर्षं, भर पावसातसुद्धा, त्याला खाली कोण नेणार? सोसायटीवाले नाही म्हणाले तर घाबरू नका. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. फक्त घाण आपण उचलायची आणि पट्टा सोडायचा नाही. चारही प्रश्नांची उत्तरं जुळत नसतील, तर आणू नका. तेही प्रेमच आहे.

बीगलच्या बाबतीत आम्ही यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. तो अजून त्या शेतावर आहे, म्हातारा झालाय, मजेत आहे असं कळतं. येत्या सुट्टीत त्याला भेटायला जायचं ठरवलंय. आजोबा म्हणतात, तेही येणार.