चेंडू असेल तेथून

मुरुम गावातील मुले गोट्या खेळतात. जमिनीत लहानशी खळी करावयाची, दूर उभे राहावयाचे आणि नेम धरून गोटी तीत घालावयाची. गोल्फ हा परदेशातून आलेला खेळ या डावाचा थोरला भाऊच म्हणावा. फरक इतकाच, की तेथे अंतर चार हातांचे नसून शेकडो मीटरांचे असते आणि खळी जेमतेम अकरा सेंटीमीटर रुंदीची. अशा अठरा खळ्या असतात. काठीने चेंडू टोलवीत सहा-सात किलोमीटरांचे मैदान पार करावयाचे. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजयी.

या खेळाचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. चेंडू जेथे पडला असेल, तेथूनच पुढचा फटका मारावयाचा. तो दाट गवतात दडलेला असो, वाळूत रुतलेला असो की झाडाच्या बुंध्याशी असो. कुरकुर करून उपयोग नाही. तो उचलून सोयीच्या जागी ठेवावयाचा, तर बहुधा दंडाचा एक फटका सोसावा लागतो.

या खेळावर उदरनिर्वाह करणाऱ्याचे जीवनही याच नियमाने चालते. त्याला महिन्याचा पगार नसतो. प्रवास, मुक्काम आणि पिशवी वाहणारा कॅडी यांचा खर्च बहुधा त्यालाच करावा लागतो. बहुतेक स्पर्धा चार दिवसांच्या असतात. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्या खेळाडूंना वगळण्यात येते आणि ते बहुधा रिकाम्या हाताने परततात. एका आठवड्यात जयजयकार, तर दुसऱ्या आठवड्यात कोणी विचारीत नाही. मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, तेव्हा मराठवाड्यातील शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. गोल्फपटूच्या नशिबी अशी दुबार पेरणी वारंवार येते.

पुण्याचे उदयन माने हे असेच एक व्यावसायिक गोल्फपटू. भारतातील स्पर्धांत त्यांनी अनेक अजिंक्यपदे मिळविली. ऑलिंपिकमध्ये खेळावे, ही कोणत्याही खेळाडूची मनीषा असते. परंतु २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे जगभरच्या स्पर्धा थांबल्या आणि टोकियो येथील ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले. जून २०२१ मध्ये गोल्फसाठी साठ खेळाडूंची निवड ठरली, तेव्हा माने यांचे नाव तीत नव्हते. ते केवळ राखीव खेळाडू होते. पुढे अर्जेंटिनाचा एमिलियानो ग्रिलो याने माघार घेतली आणि जुलै महिन्यात ती जागा माने यांना मिळाली. बंद झालेले दार अकस्मात उघडले!

पण दैवाने दार उघडले, तरी आत चालावे लागते ते आपल्याच पायांनी. टोकियोजवळच्या कासुमिगासेकी मैदानावर पहिल्या दिवशी माने यांना ७६ फटके लागले. प्रमाण ७१ फटक्यांचे होते. साठ खेळाडूंत ते साठावे ठरले. साऱ्या जगासमोर शेवटचा क्रमांक! दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ६९ फटक्यांत मैदान पार केले, तिसऱ्या दिवशी ७० आणि चौथ्या दिवशी ७२. चार दिवसांची बेरीज २८७ झाली व त्यांना छप्पन्नावे स्थान मिळाले. सुवर्णपदक जिंकणारा अमेरिकेचा झँडर शॉफेले याची बेरीज होती २६६. म्हणजे दिवसाला साधारण पाच फटक्यांचा फरक. एवढ्याशा अंतरात पहिले स्थान आणि छप्पन्नावे स्थान!

याच स्पर्धेत तैवानचा सी. टी. पॅन हाही पहिल्या दिवशी ७४ फटके घेऊन बराच मागे पडला होता. शेवटच्या दिवशी त्याने ६३ फटक्यांची किमया केली आणि सात जणांच्या चुरशीतून कांस्यपदक पटकावले.

पॅनला पदक मिळाले, माने यांना मिळाले नाही. धीर धरणाऱ्या प्रत्येकाला यश मिळतेच, असे नाही. परंतु पहिल्या दिवशीच्या अपयशानंतर दुसऱ्या सकाळी दोघेही मैदानावर उभे होते, आणि कालचा एकही फटका पुसला जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. कालचा फटका बदलता येत नाही. पुढचा फटका मात्र आपल्या हाती असतो. चेंडू असेल तेथून, शांत चित्ताने, तो मारणे हेच खेळाडूचे काम. परीक्षेत एखादा प्रश्न चुकलेल्या विद्यार्थ्याचे आणि पहिली पेरणी वाया गेलेल्या शेतकऱ्याचे कामही याहून निराळे नाही.