दारातला ट्रॅक्टर आणि घरातली माणसे

शेतकरी कुटुंबाच्या आरोग्याचा विचार करताना आपण आहार, पाणी, ऋतुचर्या, रक्तदाब, मधुमेह यांविषयी पुष्कळ बोलतो. परंतु ज्या यंत्राच्या आसनावर घरचा कर्ता माणूस वर्षातील कितीतरी दिवस बसून असतो, त्या ट्रॅक्टरचा उल्लेख आरोग्याच्या चर्चेत क्वचितच येतो. मी नांदेडला अध्यापन करते. माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. तेथे माझे थोरले बंधू गेली सव्वीस वर्षे स्वतः ट्रॅक्टर चालवीत आहेत. त्यांचे कान, त्यांची पाठ, त्यांच्या हाताखालचे सालगडी, शेतावर येणाऱ्या मजूर स्त्रिया आणि पंधरा वर्षांचा माझा भाचा या सर्वांच्या प्रकृतीचा धागा त्या एका यंत्राशी बांधलेला आहे, हे मला गेल्या काही वर्षांत फार जवळून दिसले.

बर्फाळ देशांत स्नोमोबाइल नावाचे वाहन असते. बर्फावरून धावणारी ती जणू मोटारसायकलच. तिच्यात एक साधी सोय आढळते. चालकाच्या अंगावरील कपड्याला एक दोरी अडकवलेली असते आणि तिचे दुसरे टोक इंजिनाच्या कळीला जोडलेले असते. चालक खाली पडला की दोरी निसटते आणि इंजिन तत्काळ बंद होते. माणूस कधीतरी पडणारच, हे गृहीत धरून केलेली ही योजना आहे. आपल्या शेतातील बहुतेक ट्रॅक्टरांना अशी दोरी नसते. चालक पडला तरी ट्रॅक्टर पुढे जातच राहतो. म्हणून त्या दोरीचे काम आपल्या घरातील शिस्तीलाच करावे लागते.

दिनांक ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातील गुंज या गावाहून कामासाठी निघालेल्या सात स्त्रिया त्यात मृत्युमुखी पडल्या. नांदेडमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. सायंकाळी मी माहेरी फोन केला, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “ताई, आपल्याकडे येणाऱ्या बायका अशाच येतात.” सोयाबीनच्या काढणीसाठी पाच किलोमीटरवरच्या गावातून दहा-बारा स्त्रिया मुकादमाने ठरविलेल्या ट्रॉलीतून येत असत. आमच्या पंचक्रोशीत सर्वत्र हीच रीत आहे.

ट्रॉली ही मालासाठी घडविलेली वस्तू आहे. तिच्यात बसण्यास आसन नाही, धरण्यास दांडी नाही. पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. अशा वेळी डिझेल वाचविण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, तर इंजिनाचा रोध संपतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. मागे घेताना ट्रॉली आडवी वळते. गवतात लपलेल्या, कठडा नसलेल्या विहिरी तर आपल्या शिवारांत जागोजागी आहेत. पोत्यांनी भरलेली ट्रॉली उलटली तर माल सांडतो. माणसांनी भरलेली उलटली तर काय होते, ते आलेगावने दाखविले.

त्या पावसाळ्यात आमच्या घरी यावर बराच खल झाला. वहिनींनी मजूर स्त्रियांनाही चर्चेत घेतले. त्यांतील एक वयस्क बाई म्हणाल्या, “भाऊ, भीती आम्हालाबी वाटती. पण पायी यायचं म्हणलं तर तास जातो, अन् तुम्ही म्हणता उशीर झाला.” त्यांचे म्हणणे खरे होते. सुरक्षिततेचा उपदेश मजुराला करून खर्च त्याच्याच पदरी टाकणे हा न्याय नव्हे. शेवटी ठरले असे की, प्रवासी ऑटोच्या दोन फेऱ्या करावयाच्या, भाडे घराने द्यावयाचे आणि ते मजुरीतून कापावयाचे नाही. शेजारच्या काही शेतकऱ्यांना हे रुचले नाही. “तुम्ही नवा पायंडा पाडता, उद्या आम्हालाही द्यावे लागेल,” असे ते बोलून दाखवितात. त्यांचीही अडचण खोटी नाही. सोयाबीनच्या भावात हा खर्च जाणवतो. तरीही बंधूंनी निर्णय बदललेला नाही. आता दोघा शेजाऱ्यांनी मिळून एकच ऑटो ठरवावा, असा विचार पुढे आला आहे.

ट्रॅक्टर उलटतो कसा, हे चालविणाऱ्यालाच नव्हे तर घरातील सर्वांना समजले पाहिजे. ट्रॅक्टरची मागची चाके जड आणि मोठी, पुढचा भाग तुलनेने हलका. रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी मागच्या ॲक्सलला किंवा त्याहून वर बांधली, तर ओढ लागताच पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर मागे पालथा होतो. सारा प्रकार एक-दोन सेकंदांत आटोपतो. उडी मारण्यास सवडच मिळत नाही. ओझे ओढावयाचे ते नेहमी खालच्या ड्रॉबारवरूनच. मागची चाके चिखलात रुतली असता त्यांच्यापुढे लाकडाचा ओंडका टाकून जोर लावणे हेही तितकेच घातक. चाक अडले की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. चिखल उकरून ट्रॅक्टर मागे घेणे किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढणे हाच योग्य मार्ग.

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवती मजबूत संरक्षक चौकट बसविणे सक्तीचे केले आणि तेथे उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. नवा ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती आणि हप्ता विचारतो. ही चौकट आणि आसनपट्टा आहे का, हेही विचारावे. चौकट असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर माणूस चौकटीच्या बाहेर फेकला जातो. उन्हासाठी बसविलेले पत्र्याचे छत म्हणजे संरक्षक चौकट नव्हे.

दुसरा मोठा धोका मागच्या फिरत्या दांड्याचा. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र ज्या पीटीओ शाफ्टवर चालते, तो सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी, उपरणे, सदऱ्याची सैल बाही यांपैकी काहीही त्यात अडकले, तर डोळ्याची पापणी लवण्याच्या आत ते गुंडाळले जाते आणि पाठोपाठ माणूस ओढला जातो. त्या दांड्यावरील प्लॅस्टिकचे आवरण ग्रीस भरताना अडथळा होतो म्हणून काढून फेकले जाते, ते आधी परत बसवावे. फिरता दांडा कधीही ओलांडू नये. ट्रॅक्टरला वळसा घालून जावे. मळणी यंत्रांच्या अपघातांत इतके हात गेले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रे विनियमन कायदा करावा लागला. कायदा कागदावर आहे. बाही मात्र आपणच दुमडावयाची असते. काढणीच्या दिवसांत वहिनी आता मळणीवरच्या स्त्रियांना पदर खोचून वरून सदरा घालावयास देतात आणि कातडीचे किंवा सुताचे सैल हातमोजे यंत्राच्या तोंडाशी वापरू देत नाहीत.

देखभालीच्या बाबतीत आमच्या घरी खंडेनवमीचा दिवस महत्त्वाचा मानला जातो. सोयाबीनची रास ऐन भरात येण्याचे हेच दिवस. अवजारांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ घालण्याआधी बंधू ट्रॅक्टरची संपूर्ण तपासणी करतात आणि मगच पूजा होते. चाकांचे नट, स्टिअरिंगचा ढिलेपणा, ब्रेकची पकड, टायरांतील हवा, मागचे दिवे, ट्रॉलीची पिन आणि तिची कडी हे सर्व क्रमाने पाहिले जाते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना ते उपयोगी, पण रस्त्यावर दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडलेच पाहिजेत. एकच ब्रेक दाबला गेला तर वेगातला ट्रॅक्टर गर्रकन वळून उलटतो. उसाच्या हंगामात रात्री विनादिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात. मागे चकाकणारी लाल पट्टी लावण्यास फारसा खर्च येत नाही आणि तिच्यामुळे दुचाकीवरून घरी परतणाऱ्या कोणाचा तरी जीव वाचतो.

रोजच्या नियमांत इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी आणि एअर क्लीनर सकाळी इंजिन थंड असतानाच पाहणे येते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळती वाफ थेट तोंडावर येते. उचललेल्या रोटाव्हेटरखाली कधीही शिरू नये. आधी तो जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, चाकाला ओट लावावी आणि मग पाना हाती घ्यावा. हायड्रॉलिक नळीतून तेल गळत असल्यास ते बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे. प्रचंड दाबाने सुटणारी तेलाची बारीक धार त्वचेत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही. पण काही तासांत आतील मांस सडू लागते. अशा वेळी हळद दाबून घरी न बसता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तसेच जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांना पाना लावून इंजिन सुरू करण्याची जी लकब सर्रास दिसते, ती सोडावी. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच माणसावरून पुढे जातो.

भाच्याचा विषय नाजूक होता. “आत्या, मला येतंय की चालवता. वर्गातली सगळी पोरं चालवतात,” हे त्याचे नित्याचे पालुपद. गावात मुलाने ट्रॅक्टर हाकला की कौतुक होते. परवान्यासाठी मात्र अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि त्यामागे कारण आहे. धोका ओळखून हात आवरण्याची परिपक्वता पायाची लांबी वाढण्याच्या वेगाने येत नाही. बंधूंनी त्याला नुसता नकार दिला नाही. सकाळच्या तपासणीची वही त्याच्याकडे सोपविली. तो इंजिन बंद असताना सर्व पाहतो, वहीत नोंद करतो, आणि त्याची सही झाल्याखेरीज ट्रॅक्टर निघत नाही. किल्ली मात्र स्वयंपाकघरात वहिनींच्या ताब्यात असते. मडगार्डवर बसून जाण्यास घरातील कोणालाही, अगदी लाडक्या नातवंडांनाही, मुभा नाही.

अपघात हा एका क्षणाचा. झीज मात्र वर्षानुवर्षांची. दूरदर्शन संचाचा आवाज घरात वाढू लागला, तेव्हा आम्ही बंधूंच्या कानांची लातूरला तपासणी करवून घेतली. उंच स्वर ऐकण्याची शक्ती कमी झाली होती. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा अनेक देशांत मानली जाते. केबिन नसलेला ट्रॅक्टर भाराखाली ती सहज ओलांडतो. गेलेले ऐकणे परत येत नाही, उरलेले जपता येते. आता ते कानांवर इअरमफ चढवूनच बसतात. कंबरदुखीसाठी आसनाची स्प्रिंग दुरुस्त करून घेतली, आणि दर दीड-दोन तासांनी खाली उतरून चालण्याचा नियम केला. रात्रीची नांगरट झोप पूर्ण झाल्याशिवाय करावयाची नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असणाऱ्याने उपाशीपोटी आसनावर बसू नये. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाण्याचा कॅन ट्रॅक्टरवर हवाच.

आणि इतके करूनही काही घडलेच, तर पहिले काम इंजिन बंद करण्याचे. मग १०८ क्रमांकावर फोन. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी. माती, चुना, हळद काही लावू नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. दबलेल्या माणसाची मान न हलविता त्याला श्वास घेता येतो का ते पाहावे. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीचे भय वाटते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देतो.

वाचकहो, पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकतो, कारण वर्षभर जूने घासलेला तो खांदा आपल्याला दिसतो. ट्रॅक्टरला खांदा नाही. त्याचे ओझे चालकाच्या पाठीवर, कानावर आणि मागे बसलेल्यांच्या जिवावर येते, म्हणून ते दिसत नाही. आपल्या घरी ट्रॅक्टर असेल, तर आजच सायंकाळी घरातील सर्वांनी त्याच्याभोवती एक फेरी मारावी. दांड्यावरचे आवरण आहे का, ब्रेकची कडी जोडलेली आहे का, मागे लाल पट्टी आहे का आणि रात्री किल्ली कोणाच्या हाती असते, हे चार प्रश्न विचारावेत. ज्याचे उत्तर नकारार्थी येईल, ते काम उद्या शेतावर निघण्यापूर्वी करावे.