अळूच्या पानावरचा थेंब

अळूचं पान धुताना पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं, हे आपल्या घरच्या मायभगिनी नेहमी पाहतात. तसाच मेणाचा थर कमी-अधिक प्रमाणात तणाच्या पानावरही असतो. तणनाशकाचा थेंब त्यावर गोल बसतो, पानाला जेमतेम टेकतो आणि वाळून जातो. फवाऱ्यात स्टिकर मिसळलं की थेंब पसरतो, पानाला चिकटतो, औषधाला आत शिरायला वाव मिळतो.

एवढं सगळं मी आबांना सोयाबीनच्या बांधावर समजावलं. फक्त प्रमाण सांगायचं राहिलं. पुढच्या गावी बैठक होती, घाईत होतो.

आठवड्याने गेलो तर सोयाबीनची पानं करपलेली. "एक टोपण चांगलं, तर तीन टाकली साहेब," आबा म्हणाले. जादा स्टिकरने द्रावण पानावर ठरलंच नव्हतं, ओघळून मातीत गेलं होतं. गवत बरंचसं तसंच उभं!

आबा रागावले नाहीत. चहा पाजला. तेच जास्त लागलं.

आता मी आधी डब्यावरची चिठ्ठी वाचायला लावतो. काही औषधांत स्टिकर कारखान्यातच मिसळलेलं असतं. आबांच्या सोयाबीनला पुढे नवी पानं फुटली, पण खुरपणीची मजुरी त्यांना भरावीच लागली.